दार लावण्याचे श्रम कोणाचे? : अग्निरोधक दारे आणि सुगम्यतेच्या संहितांची चिकित्सा

सारांश : इमारतीतील अग्निरोधक दार आपोआप बंद व्हावे हा अग्निसुरक्षेचा मूलभूत नियम आहे. परंतु ते बंद होण्यासाठी लागणारी ऊर्जा दार उघडणाऱ्या माणसाकडूनच घेतली जाते. त्यामुळे हातात बळ कमी असणाऱ्या व्यक्तींना ही दारे अडसर ठरतात. प्रस्तुत लेखात ब्रुनो लातूर यांच्या डोअर क्लोजरविषयीच्या निबंधाच्या आधारे ब्रिटन, अमेरिका व भारत येथील संहितांची चिकित्सा केली आहे. सुरक्षितता आणि सुगम्यता यांतील विरोध स्वाभाविक नसून तो श्रमाच्या विषम वाटपातून निर्माण झाला आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अग्निरोधक दार, डोअर क्लोजर, सुगम्यता, दिव्यांगत्व, इमारत संहिता.

प्रस्तावना

रुग्णालये, महाविद्यालये, कार्यालये आणि उंच निवासी इमारती यांच्या जिन्यांपाशी व लांब मार्गिकांमध्ये जाड, आपोआप मिटणारी दारे बसवलेली असतात. त्यांवर 'दार बंद ठेवा' अशी सूचना असते. पुष्कळदा त्याच सूचनेखाली दार उघडे राहावे म्हणून लाकडी पाचर, वीट, खुर्ची, क्वचित आग विझवण्याचे नळकांडेही लावून ठेवलेले आढळते. या दृश्याचे स्पष्टीकरण सामान्यतः लोकांच्या बेफिकिरीत शोधले जाते. लोकांना शिस्त नाही, आगीचे गांभीर्य नाही, असे म्हणून विषय संपवला जातो.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे. संधिवाताने बोटे आखडलेली व्यक्ती, कुबड्या वापरणारा विद्यार्थी, व्हीलचेअरवर बसून दार स्वतःकडे ओढू पाहणारी स्त्री, अर्धांगवायूनंतर एकाच हाताने व्यवहार करणारा वृद्ध यांच्या दृष्टीने मिटलेले अग्निरोधक दार आणि भिंत यांत फारसा फरक उरत नाही. पाचर हे बेशिस्तीचे चिन्ह असेल, तसेच ते दाराच्या रचनेवर वापरकर्त्यांनी दिलेले मतही आहे. हे मत संहितांनी कितपत ऐकले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. दार 'जड' असते म्हणजे काय?

आग लागल्यावर ज्वाळांइतकाच, किंबहुना अधिक, धूर प्राणघातक ठरतो. म्हणून इमारतीचे आगीच्या दृष्टीने स्वतंत्र कप्पे पाडले जातात आणि एका कप्प्यातील धूर दुसऱ्यात व जिन्यात जाऊ नये यासाठी मधल्या वाटांवर अग्निरोधक दारे बसवली जातात. ब्रिटनमध्ये ३० व ६० मिनिटे आग रोखणाऱ्या दारांचे प्रकार रूढ आहेत. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) अनेक ठिकाणी १२० मिनिटांच्या दाराची अपेक्षा आहे. अर्थात हे सर्व आकडे मिटलेल्या दाराचे आहेत. उघडे राहिलेले अग्निरोधक दार एक मिनिटही आग रोखत नाही.

अशा दारांना व्यवहारात 'जड दारे' म्हटले जाते. हा शब्द काहीसा फसवा आहे. ४०-५० किलो वजनाचे दार चांगल्या बिजागऱ्यांवर सरळ टांगले असेल, तर ते सावकाश फिरवायला फार थोडे बल लागते. कारण वजनाचा भार बिजागऱ्या पेलत असतात. हाताला जाणवणारा विरोध मुख्यतः अन्य गोष्टींचा असतो : दार मिटवणाऱ्या क्लोजरमधील स्प्रिंग, कुलपाची जीभ, कडेच्या धूररोधक पट्ट्यांचे घर्षण आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातील फरक. म्हणजे दार जात्याच जड नसते. ते जड केलेले असते. हा भेद महत्त्वाचा आहे. वजन ही वस्तूची प्रकृती मानली तर तक्रार निरर्थक ठरते. विरोध हा रचनेचा परिणाम मानला तर मात्र रचनाकाराला जाब विचारता येतो.

२. लातूर यांचा निबंध : दरवानाची जागा घेणारे यंत्र

फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी १९८८ साली 'जिम जॉन्सन' या टोपणनावाने 'सोशल प्रॉब्लेम्स' या नियतकालिकात डोअर क्लोजरच्या समाजशास्त्रावर एक निबंध लिहिला. विषय क्षुल्लक वाटावा असा. पण तंत्रज्ञानाच्या समाजशास्त्रात तो पुढे मूलभूत मानला गेला. माणसांची कामे वस्तूंवर कशी सोपवली जातात आणि त्या वस्तू उलट माणसांकडून काय मागतात, हा त्यातील विचार आहे. ये-जा करणारे लोक दार लावत नाहीत, म्हणून पूर्वी दरवान ठेवला जाई. दरवानाला वेतन द्यावे लागे आणि तोही चुके. त्याच्या जागी यंत्र आले. मात्र हे यंत्र फुकट राबत नाही. दार उघडणारा प्रत्येक जण स्प्रिंग ताणून त्यात जी ऊर्जा भरतो, त्या ऊर्जेवरच ते दार लावते.

मराठी वाचकाला हा बदल सहज उमगेल. वाड्याच्या किंवा गडाच्या महाद्वाराची अवजड कवाडे लावणे हे देवडीवरच्या पहारेकऱ्याचे काम असे. नित्याची ये-जा त्यातील दिंडी दरवाजातून होई. दार लावण्याचे श्रम आणि दारातून जाण्याचा अधिकार या दोन गोष्टी तेथे वेगळ्या होत्या. दिंडीतून जाताना वाकावे लागे, म्हणजे तीही सर्वांना सोयीची नव्हती. परंतु कवाड लावण्याची जबाबदारी वाटसरूवर नव्हती. क्लोजरने ती वाटसरूवर टाकली. दारातून जाणाऱ्या प्रत्येकाने दार लावण्याची मजुरी आगाऊ भरायची, अशी ही जकात आहे. ती सर्वांना एकाच दराने आकारली जाते. सशक्त माणसाला ती जाणवतही नाही. दुर्बल हाताच्या माणसाला मात्र ती नाक्यावरच अडवते.

असे क्लोजर लहान मुलांवर आणि वृद्धांवर अन्याय करतात, हे लातूर यांनी ओळखले आहे. त्यांच्या निबंधाचे हे मोठे बलस्थान होय. तथापि त्याची मर्यादाही येथेच दिसते. हा अन्याय त्यांना वस्तूंच्या 'वर्तना'चे उदाहरण म्हणून हवा आहे. ते सिद्ध झाल्यावर निबंध पुढे जातो आणि दाराबाहेर अडकलेला माणूस मागे राहतो. शिवाय त्यांचे दार थंडी अडवणारे आहे. ते उघडे राहिले तर आतले लोक गारठतात. अग्निरोधक दार उघडे राहिले तर मात्र किंमत प्राणांची असते. म्हणून लातूर यांचा प्रश्न स्वीकारून तो अधिक कठोर संदर्भात विचारणे आवश्यक ठरते.

३. दोन पुस्तके, दोन आकडे

ब्रिटिश इमारत नियमांच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत, म्हणजे 'अप्रूव्हड डॉक्युमेंट एम'मध्ये, दाराच्या मोकळ्या कडेशी लागणाऱ्या बलाची मर्यादा दिली आहे : दार मिटलेल्या स्थितीपासून ३० अंशांपर्यंत ३० न्यूटन आणि ३० ते ६० अंशांपर्यंत २२.५ न्यूटन. ३० न्यूटन म्हणजे साधारणतः तीन किलोचे वजन उचलण्याइतके बल. दुसरीकडे क्लोजरच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ११५४ मध्ये, अग्निरोधक दारासाठी किमान 'तीन' क्रमांकाची शक्ती आवश्यक मानली आहे. अशा क्लोजरने दार मिटण्याच्या अखेरच्या टप्प्यात किमान १८ न्यूटन-मीटर परिबल द्यावे लागते.

हे दोन आकडे एकत्र मांडून पाहणे उद्बोधक आहे. दार ९०० मिलिमीटर रुंद धरले तर १८ न्यूटन-मीटर म्हणजे कडेशी २० न्यूटन. वरकरणी हे मर्यादेच्या आत आहे. परंतु उघडणाऱ्याने भरलेली सर्व ऊर्जा मिटवण्याच्या कामी येत नाही. काही घर्षणात जाते. या क्रमांकाच्या क्लोजरची कार्यक्षमता किमान ५५ टक्के असली तरी मानकाला ती पुरते. तेवढीच कार्यक्षमता असेल, तर उघडताना सुमारे ३६ न्यूटन लागतील. ३० न्यूटनची मर्यादा पाळायची तर कार्यक्षमता किमान दोन-तृतीयांश हवी, आणि त्यात कुलूप व पट्ट्यांचे घर्षण अजून धरलेलेच नाही. याचा अर्थ असा की, अग्निसुरक्षेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला क्लोजर सुगम्यतेच्या परीक्षेत अनुत्तीर्ण होऊ शकतो. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असतात. चूक त्यांच्या मधल्या जागेत राहते. आणि खरेदी करणारा बहुधा एकच पुस्तक उघडतो.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने 'सोडवला' आहे. दिव्यांगविषयक कायद्याखालील २०१० च्या मानकांनुसार इमारतीच्या आतील बिजागरीच्या दारांना २२.२ न्यूटनची मर्यादा आहे. अग्निरोधक दारे मात्र तिच्यातून वगळली आहेत. त्यांच्यासाठी संबंधित प्रशासकीय प्राधिकरण मान्य करील तितके किमान बल, एवढेच म्हटले आहे. जेथे दार सर्वांत कठीण तेथेच आकडा गायब होतो. एनएफपीए १०१ या जीवसुरक्षा संहितेत बाहेर पडण्याच्या मार्गावरील दार हलते करण्यासाठी १३३ न्यूटनपर्यंत बल चालते. हा आकडा कोणत्या देहाला प्रमाण मानून ठरला, हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याला १३३ न्यूटन लावता येत नाहीत, त्याची सुटका अन्य कोणी करील, हे त्यात गृहीत आहे. ते गृहीतक मात्र कोठेही लिहिलेले नाही.

४. आगीच्या वेळचे दार

सुगम्यतेची मोजमापे शांत दिवशी घेतली जातात. आगीच्या दिवशी दार बदलते. उंच इमारतींत धूर जिन्यात शिरू नये म्हणून पंख्यांनी जिन्यातील हवेचा दाब वाढवला जातो. भारतीय संहितेतही सुमारे ५० पास्कल दाबफरकाची अपेक्षा आहे. ९०० मिलिमीटर रुंद आणि २१०० मिलिमीटर उंच दारावर एवढ्या दाबाचे एकूण बल सुमारे ९४ न्यूटन होते. ते दाराच्या मध्यावर कार्य करते असे धरल्यास कडेशी त्याचा भार सुमारे ४७ न्यूटन येतो. मार्गिकेतून जिन्यात शिरताना दार या दाबाविरुद्ध ढकलावे लागते. म्हणजे ३० न्यूटनचे आदर्श दार भोंगा वाजताच सुमारे ७७ न्यूटनचे होते. अशा यंत्रणांच्या युरोपीय मानकाने १०० न्यूटनची मर्यादा घातली असल्याने तेही 'नियमात' बसते!

५. ग्रेनफेलचा धडा

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीत राहणाऱ्या ३७ दिव्यांग रहिवाशांपैकी १५ जण त्यात दगावले. चौकशीच्या ऑक्टोबर २०१९ मधील पहिल्या टप्प्याच्या अहवालाने बाह्य आच्छादनाला आग पसरण्याचे प्रमुख कारण ठरवले. त्याचबरोबर सदनिकांच्या अनेक दारांना चालू स्थितीतील क्लोजर नव्हते आणि त्यामुळे धूर मार्गिकांत व जिन्यात पसरला, हेही नमूद केले. काही क्लोजर तुटलेले होते, काही निकामी करण्यात आलेले होते.

तेथील प्रत्येक क्लोजर दार जड होते म्हणूनच काढला गेला, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. एकाच इमारतीत दार न मिटण्याचा प्रश्न आणि दिव्यांगांच्या सुटकेचा प्रश्न एकाच रात्री उभे राहिले. नंतर मात्र त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वाटांनी शोधली गेली. दारांबाबत इंग्लंडमध्ये २०२३ पासून अकरा मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामायिक जागेतील दारांची दर तीन महिन्यांनी आणि सदनिकांच्या दारांची वर्षातून एकदा तपासणी आवश्यक झाली. दिव्यांग रहिवाशांच्या सुटकेच्या वैयक्तिक योजनांची शिफारस मात्र शासनाने २०२२ मध्ये नाकारली. त्यासंबंधीचे नियम अखेर २०२५ मध्ये करण्यात आले. दार मिटते की नाही हे पाहणे लवकर जमले. दार कोणाला उघडत नाही हे पाहण्यास अधिक वर्षे लागली.

६. उपाय आणि त्यांचे मूल्यमापन

या प्रश्नावर उपाय उपलब्ध आहेत. तथापि त्यांची तुलना केवळ किमतीने न करता 'श्रम कोणाकडे जातात' या कसोटीने करणे इष्ट ठरेल.

(अ) देखभाल व समायोजन : बिजागऱ्यांना तेल, घासणाऱ्या पट्ट्यांची दुरुस्ती, क्लोजरचे योग्य समायोजन आणि गोल मुठीऐवजी दांड्याचे हँडल. हे सर्वांत स्वस्त उपाय आहेत आणि नेमके तेच दुर्लक्षित राहतात. दाराच्या ओढण्याच्या बाजूस कडेशेजारी किमान ३०० मिलिमीटर मोकळी जागा असल्याखेरीज व्हीलचेअरवरील व्यक्तीला ते ओढताच येत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

(आ) कॅमवर चालणारे क्लोजर : यांत दार उघडत जाईल तसा विरोध झपाट्याने घटतो. जकात राहते, पण दर कमी होतो.

(इ) विद्युतचुंबकीय धारक : दार दिवसभर उघडे धरले जाते, धूर आढळताच किंवा वीज जाताच चुंबक सुटतो आणि दार मिटते. पाचरीचे काम हे साधन करते, मात्र पाचरीचा दोष टाळून. दार उघडण्याचे श्रम एकदाच आणि ज्याला शक्य आहे अशा व्यक्तीकडून घेतले जातात. ब्रिटिश पुस्तिकेने मार्गिकांतील दारांसाठी हाच मार्ग सुचवला आहे आणि खोल्यांच्या दारांसाठी मुक्त फिरणारे क्लोजर सुचवले आहेत. या बाबतीत ती अन्य संहितांच्या पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे.

(ई) विजेवर उघडणारे दार : यात श्रम माणसाच्या देहाकडून इमारतीच्या वीजबिलाकडे जातात. न्यायाच्या दृष्टीने हे वाटप सर्वांत योग्य होय. मात्र ते महाग आहे आणि देखभालीवर अवलंबून आहे.

या सर्व उपायांना एक सामायिक मर्यादा आहे. भोंगा वाजल्यावर चुंबक सुटतो, मुक्त क्लोजर पुन्हा स्प्रिंगच्या ताब्यात जातो आणि विजेचे दारही बहुधा हाताने उघडण्याच्या स्थितीत येते. रोजचे जगणे सुगम होते. आगीचे क्षण पूर्वीसारखेच राहतात. म्हणून दाराच्या जोडीला मार्गावरील दारांची संख्या कमी ठेवणे, सुटकेसाठी संरक्षित उद्वाहन पुरवणे आणि दाराच्या सुरक्षित बाजूस कोणी, किती वेळात मदतीला यायचे हे आधीच लिहून ठेवणे आवश्यक आहे.

यावर अग्निसुरक्षा तज्ज्ञांचा एक आक्षेप संभवतो. बल कमी केले तर दार कुलपाच्या जिभेपर्यंत पोहोचणार नाही आणि न मिटलेले दार सर्वांनाच घातक ठरेल. हा आक्षेप रास्त आहे. पण तो मिटण्याच्या बलाविषयी आहे. उघडण्याचे बल त्याच प्रमाणात जास्त असलेच पाहिजे, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय जड दाराला पाचर लागते, हे वास्तव आक्षेपकांनीही हिशेबात धरले पाहिजे. कागदावर १२० मिनिटांचे असलेले दार पाचरीमुळे शून्य मिनिटांचे होते.

७. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतातील स्थिती या विवेचनाच्या प्रकाशात पाहता येते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तिसऱ्या भागाच्या परिशिष्टात वृद्ध व दिव्यांगांसाठी सुगम्यतेच्या अपेक्षा आहेत. अग्नी व जीवसुरक्षा चौथ्या भागात आहे. एकाच दाराचे दोन भाग झाले आहेत. वास्तुविशारद एक भाग वाचतो, अग्निसुरक्षा सल्लागार दुसरा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालक वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाप्राप्त यंत्रणेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. यंत्रणा सुस्थितीत आहे, हा त्याचा आशय. 'सुस्थितीत' या शब्दात दार उघडणाऱ्या हाताचा समावेश होतो का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'अडथळा' या संज्ञेची व्याख्या व्यापक असून तीत रचनात्मक घटकांचाही समावेश आहे. कलम ८ संकटाच्या प्रसंगी समान संरक्षण देते. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. २०१७ च्या नियमांपासून मोजल्यास ती २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम केवळ शिफारस करतो, ही विसंगती न्यायालयाने दाखवली आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत निश्चित करण्याचा आदेश दिला.

या निर्णयाचे महत्त्व दारापर्यंत पोहोचते. शिफारशीच्या भाषेत अग्निरोधक दाराला नेहमीच सूट मिळते. कारण सुरक्षितता सक्तीची आणि सुगम्यता ऐच्छिक असते. दोन्ही सक्तीच्या झाल्या, तर दाराचा विचार एकत्रच करावा लागेल. किमान मानकांत अग्निरोधक दाराच्या उघडण्याच्या बलाचा आकडा असणे आणि तो दाबयुक्त जिन्यासह, म्हणजे आगीच्या स्थितीत, मोजला जाणे ही त्याची पहिली कसोटी ठरेल.

समारोप

मायकेल ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये 'दिव्यांगत्वाचे सामाजिक प्रारूप' ही संज्ञा रूढ केली. माणसाला असमर्थ करणारी गोष्ट त्याच्या देहात नसून समाजाने उभारलेल्या अडथळ्यांत असते, हा त्याचा गाभा. अग्निरोधक दार हे त्याचे अवघड उदाहरण आहे, कारण हा अडथळा कोणाच्या द्वेषातून आलेला नाही. तो जीव वाचवण्याच्या हेतूनेच उभा केला आहे. चांगल्या हेतूच्या अडथळ्याची चिकित्सा करणे अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक गरजेचे असते.

उपर्युक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

१. अग्निरोधक दार जड असणे ही त्याची प्रकृती नसून क्लोजर, पट्ट्या व दाब यांच्या योजनेचा परिणाम आहे. तो बदलता येतो.

२. दार मिटवण्याचे श्रम प्रत्येक वाटसरूच्या देहाकडून समान दराने वसूल करणे ही समानता नव्हे.

३. सुगम्यतेचे व अग्निसुरक्षेचे आकडे स्वतंत्र पुस्तकांत ठेवल्याने दोन्हींची हानी होते. ज्याला दार उघडता येत नाही तो अडकतो. ज्याला ते उघडे ठेवावे लागते तो इतरांचे संरक्षण नकळत काढून घेतो.

४. धारक व स्वयंचलित साधने दैनंदिन प्रश्न सोडवतात. आगीच्या वेळचा प्रश्न सुटकेच्या लिखित योजनेवाचून सुटत नाही.

५. दर सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात दार मिटते का, याबरोबरच ते किती बलाने उघडते याची नोंद झाली, तर साध्या स्प्रिंग काट्याने होणारी ही तपासणी फारशा खर्चाशिवाय अमलात येऊ शकेल.

दार मिटलेच पाहिजे, याबाबत दुमत नाही. ते मिटवण्याची मजुरी कोणी द्यायची, हे संहितेने स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ते लिहिले जात नाही तोवर ती मजुरी ज्यांना देता येत नाही त्यांच्याकडूनच मागितली जात राहील.